रानवस्तीचा बेत कोणीं करावा ?

आश्विन महिना लागला, पावसाची झड थांबली, शाळेच्या आवारांतील चिखल वाळून त्यावर मुलांच्या पावलांच्या वाटा पुन्हां उमटूं लागल्या, कीं एक प्रश्न दरवर्षीं न चुकतां माझ्या कानीं येतो : "सर, यंदा कोठें ?" विचारणाऱ्याच्या हातांत सहामाही परीक्षेचें पुस्तक असतें, परंतु त्याचें लक्ष खिडकीबाहेरच्या, धुऊन काढल्यासारख्या निळ्या आकाशाकडे असतें. त्याला मी दोष देत नाहीं. शरद ऋतु हा चार भिंतींच्या आंत बसण्याचा ऋतु नव्हे, हें आपल्या पूर्वजांनाहि ठाऊक होतें. म्हणूनच सीमोल्लंघन आणि कोजागिरी हे घराबाहेरचे सण याच महिन्यांत आले आहेत.

यंदा हा प्रश्न शिक्षकांच्या सभेंतहि निघाला. नववीच्या मुलामुलींना दोन रात्रींकरितां रानांत राहुट्यांमध्यें नेऊन ठेवावें, याविषयीं दुमत नव्हतें. दुमत झालें तें पुढच्या गोष्टीविषयीं. कांहीं बंधूंचें म्हणणें असें पडलें कीं, एखाद्या कंत्राटदारास माणशीं रक्कम ठरवून द्यावी. म्हणजे मोटार, तंबू, जेवण, शेकोटी आणि करमणुकीचीं गाणीं हें सर्व तोच पुरवील, आणि शिक्षकांनीं मुलें मोजून न्यावीं व मोजून परत आणावीं. इतरांचें म्हणणें असें पडलें कीं, हा बेत शाळेनें स्वतः करावा, आणि त्यांतहि तो मुलांच्या हातून करवावा. मी या दुसऱ्या पक्षाचा आहें. सभेंत मला पांच मिनिटें मिळालीं. त्यांत जें सांगतां आलें नाहीं, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्रतिपक्षाला न्याय दिला पाहिजे. कंत्राटदाराचा मार्ग सुचविणारे माझे स्नेही आळशी नाहींत. शिकविण्यावांचून इतर कामांचें ओझें आजच्या शिक्षकावर किती आहे, हें पालकांना बाहेरून दिसत नाहीं. शिरगणतीपासून निवडणुकीपर्यंत आणि तक्त्यांपासून दाखल्यांपर्यंत सर्व कांहीं त्याच्याच टेबलावर येऊन पडतें. अशा माणसानें चाळीस मुलांच्या पाण्याची आणि पांघरुणांची काळजी आणखी कां वाहावी, हा प्रश्न वाजवी आहे. माझें उत्तर एवढेंच कीं, ती काळजी एकट्या शिक्षकानें वाहावयाची नाहींच. ती चाळीस जणांनीं वाटून घ्यावयाची आहे. आणि अशी वाटून घेतलेली काळजी हेंच रानवस्तीचें खरें शिक्षण होय. तीच विकत घेतली, तर मग उरतें काय ? डोंगराचें एक छायाचित्र आणि मोटारींतील गाणीं.

घरीं नळ फिरविला कीं पाणी येतें. तें कोठून येतें हें विचारण्याचा प्रसंग येत नाहीं. ताट समोर येतें; तें वाढण्यापूर्वीं आईनें किती वेळां वाकून उठून काय काय केलें, हें दिसत नाहीं. केर बादलींत पडतो आणि बादली दाराबाहेर जाते. रानांत मात्र या साऱ्या गोष्टी उघड्या होतात. परंतु त्या उघड्या कोणाला होतात ? ज्यानें त्या आधीं मोजल्या, मांडल्या आणि वाहून नेल्या त्याला. आयत्या तंबूंत जाऊन निजणाऱ्यास रान आणि लग्नाचा मांडव यांत फारसा भेद वाटणार नाहीं.

शाळकरी मुलांच्या रानवस्तीची आजची प्रथा फार जुनी नाहीं. इ. स. १९०७ च्या ऑगस्टांत बेडन पॉवेल यांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी नांवाच्या लहानशा बेटावर सुमारें वीस मुलगे नेले, आणि पुढच्या वर्षीं त्यांचें बालवीरांविषयींचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. त्या प्रयोगांतील दोन गोष्टी मला नेहमीं महत्त्वाच्या वाटत आल्या आहेत. एक ही कीं, त्या मुलांचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाचा नायक मुलांतूनच नेमिला होता, आणि गटाचें बरेंवाईट त्याच्यावर सोपविलें होतें. दुसरी ही कीं, श्रीमंतांच्या शाळांतील मुलगे आणि कामकऱ्यांचे मुलगे त्यांनीं बुद्ध्या एकत्र आणिले होते. याहून फार प्राचीन दाखला हवा असेल, तर जुन्या करारांतील मांडवांचा सण आठवावा. तोहि शरदांतलाच सण आहे. पीक घरांत आल्यावर सात दिवस सर्वांनीं झाडांच्या फांद्यांच्या मांडवांत राहावें, असा तो नियम होता. धान्यानें भरलेलें घर सोडून माणसानें वर्षांतून एकदां पानांच्या छपराखालीं निजावें, म्हणजे आपण कोठून आलों याचा विसर पडत नाहीं, हा त्यांतील आशय. त्या छपराखालीं धनी आणि चाकर यांत अंतर राहत नसे.

हें अंतराचें बोलणें मी पुस्तकावरून करीत नाहीं. तें मला माझ्या एका चुकीनें शिकविलें. आणि ती चूक येथें सांगितल्यावांचून माझें म्हणणें पुरें होणार नाहीं.

या गोष्टीस आतां पंधरा-सोळा वर्षें झालीं. त्या वेळीं मी दुसऱ्या एका गांवीं शिकवीत होतों. मुलांची पहिली रानवस्ती ठरली, आणि मोठ्या उत्साहानें तिचा सारा बेत मीं एकट्यानें केला. एके सकाळीं फळ्यावर यादी लिहिली : निजण्याची पिशवी, बूट, विजेरी, पावसाळी कोट, पाण्याची बाटली, जाड बनियन. मुलांनीं ती मुकाट्यानें उतरून घेतली. वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव सांगत नाहीं. झाडें, पाखरें, नदीचे डोह यांविषयीं त्याला जेवढें ठाऊक होतें तेवढें मला आजहि ठाऊक नाहीं. रानवस्तीचें नांव निघाल्यापासून त्याच्या तोंडीं दुसरा विषय नव्हता. निघण्याच्या आदल्या दिवशीं मात्र तो म्हणाला, "सर, मला ताप आहे." मीं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला नाहीं. "बरें, विश्रांति घे," असें म्हणालों आणि यादींतील त्याच्या नांवावर रेघ मारिली.

परत आल्यावर दोन पेरू घेऊन त्याच्या घरीं समाचारास गेलों. तो घरीं नव्हता. त्याची आई दारांत भांडीं घांशीत होती. ती म्हणाली, "ताप कुठला, गुरुजी ? घरांत घोंगडी एकच. ती त्यानं नेली तर त्याचा बाप रात्रपाळीला काय पांघरून जाईल ? आणि ते बूट न् पिशवी आम्ही कुठून आणावी ? कुणाकडं मागायची त्याला लाज वाटली." हातांतले पेरू तेथेंच ठेवून मी परत आलों. माझ्या त्या यादीची किंमत किती होते, याचा हिशेब मीं, गणित शिकविणाऱ्या माणसानें, केला नव्हता. त्या मुलास मीं कधीं रागें भरलों नव्हतों, त्याच्याशीं कधीं भेदभाव केला नव्हता. आणि तरीहि खडूच्या सहा ओळींनीं त्याला रानाबाहेर ठेविलें होतें.

त्याच रानवस्तींत दुसरीहि एक गोष्ट घडली. राहुट्यांची जागा मीं निवडिली होती. मऊ, सपाट, हिरवीगार जागा पाहून मला धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं परतीचा पाऊस विजांसह कोसळला, आणि अर्ध्या तासाच्या आंत आमचीं अंथरुणें पाण्यावर तरंगूं लागलीं. रात्र आम्हीं गांवच्या शाळेच्या ओसरीवर बसून काढली. पहाटे एक शेतकऱ्याचा मुलगा सहज म्हणाला, "सर, तिथलं गवत इतकं हिरवं होतं, म्हणजे तिथं पाणी साठणारच." मीं विचारिलें, "मग आधीं कां नाहीं सांगितलेंस ?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

तेव्हांपासून यादी मी लिहीत नाहीं आणि जागा मी निवडीत नाहीं. तें मुलें करतात. मी प्रश्न विचारतों. पांघरुणांचा प्रश्न दोन वर्षांनंतरच्या एका वर्गानें असा सोडविला कीं, तो मला कधींच सुचला नसता. घरांतून जें निघेल तें प्रत्येकानें दोन दिवस आधीं शाळेंत आणून एका खोलींत टाकावें; कोणाकडून काय आलें हें लिहूं नये; कमी पडेल तेवढें शाळेनें भरावें; आणि मग त्या ढिगांतून प्रत्येकास एक अंथरूण व एक पांघरूण सारखें वांटावें. त्या वर्षीं एका डॉक्टरांचा मुलगा दोन रात्री फाटक्या वाकळेंत निजला आणि तिची ऊब त्यानें घरीं जाऊन वाखाणली. कोणालाहि ताप आला नाहीं.

आतां यंदाच्या बेताकडे वळूं. स्थळ म्हणून आम्हीं भंडारदरा सुचविलें आहे. नाशकाहून घोटीमार्गें तें सुमारें ७० किलोमीटर आहे. म्हणजे सकाळीं निघून दुपारच्या आंत पोंचतां येतें. प्रवरा नदीवर तेथें बांधलेलें विल्सन धरण इ. स. १९२६ मध्यें पुरें झालें. त्याची उंची सुमारें ८२ मीटर असून त्यामागील जलाशयाचें पाणी खालच्या तालुक्यांतील ऊंसमळ्यांपर्यंत जातें. भोंवतालचा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून इ. स. १९८६ मध्यें राखून ठेवण्यांत आला. १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, जें महाराष्ट्रांत सर्वांत उंच आहे, तें याच टापूंत आहे. हिरडा, जांभूळ, आंबा यांची दाट झाडी, उतारावर कारवी, आणि शरदांत पठारांवर पिवळी सोनकी, असें त्या रानाचें रूप असतें. बिबट्या, तरस, भेकर व रानडुक्कर यांची तेथें वस्ती आहे, ही गोष्टहि पालकांपासून मी लपवीत नाहीं.

शरदांतच कां जावें ? मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभीं काजवे पाहण्यास तेथें इतकी गर्दी लोटते कीं, मोटारींच्या दिव्यांनीं त्या बापड्या किड्यांचे स्वतःचे दिवे निष्फळ व्हावे. कारण काजव्याचा प्रकाश हा नरमादींनीं परस्परांस दिलेला संकेत असतो. श्रावणांत घाटघराच्या बाजूचा पाऊस राहुटी टिकूं देत नाहीं. ऑक्टोबरांत मात्र ओढे वाहते असतात, वाटा वाळलेल्या असतात, रान हिरवें असतें, आणि गर्दी ओसरलेली असते. शिवाय अगस्तीचा उदय झाला म्हणजे पाणी निवळतें, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. आणि प्रवरेच्या कांठीं अकोलें येथें तर अगस्तीचा आश्रम दाखवितात. तो तेजस्वी तारा या दिवसांत पहाटे दक्षिणेच्या क्षितिजावर दिसतो. जो मुलगा चारला उठून तो पाहील, त्याला भूगोलांतील दक्षिण दिशा पुन्हां शिकवावी लागणार नाहीं.

तथापि शरदाचें सौम्य मुख पाहून फसूं नये. नैऋत्य मोसमी वारे साधारणतः ऑक्टोबराच्या पहिल्या पंधरवड्यांत आपला प्रांत सोडतात, आणि जातां जातां दुपारनंतर विजांसह गर्जून जातात. म्हणून तिथि ठरविणाऱ्या गटाला मीं तीन गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत : परीक्षेचें वेळापत्रक, हवामानखात्याचा अंदाज आणि पंचांग. पंचांग कशाला, असें एकीनें विचारिलें. तिलाच मीं उलट विचारिलें कीं, रात्रीं तुम्हांला तारे पाहावयाचे आहेत कीं चांदणें पाहिजे आहे ? पौर्णिमेच्या सुमारास गेलों तर विजेरीवांचून हिंडतां येईल, परंतु आकाशगंगा दिसणार नाहीं. अंवसेच्या सुमारास गेलों तर आकाश भरलेलें दिसेल, परंतु प्रत्येक पाऊल जपून टाकावें लागेल. या प्रश्नावर त्या गटांत दोन दिवस वाद चालला आहे. असा वाद पैसे देऊन मिळत नाहीं.

पाण्याच्या गटाचें काम साध्या त्रैराशिकाचें आहे. मुलें ४० व शिक्षक ५ मिळून माणसें ४५. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशीं दिवसाला ५ लिटर धरले, तरी दिवसाचे २२५ लिटर व दोन दिवसांचे ४५० लिटर होतात. २० लिटरांच्या पिंपानें तें आणावयाचें झाल्यास २३ खेपा. हा आंकडा फळ्यावर आला तेव्हां वर्गांत जी शांतता पसरली, ती पाणी जपून वापरावें या विषयावरील माझ्या कोणत्याहि व्याख्यानानें पसरली नव्हती. "सर, माझी आजी गांवीं रोज इतक्या खेपा करी," असें एक मुलगी हळूच म्हणाली. ओढ्याचें पाणी स्वच्छ दिसलें तरी तें खळखळून उकळल्यावांचून कोणीं प्यावयाचें नाहीं, हा नियम त्याच गटानें केला आहे.

स्वयंपाकाच्या गटानें माणशीं एका जेवणास १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ धरली. पहिल्या दुपारचा डबा घरचा; मग तीन जेवणें. म्हणजे तांदूळ साडेतेरा किलो आणि डाळ ५ किलो ४०० ग्रॅम. परंतु डोंगर चढून आलेल्या मुलाची भूक घरच्या मापानें मोजूं नये. म्हणून चौथाई वाढवून १७ किलो तांदूळ आणि ७ किलो डाळ असें ठरलें. भाकरी आम्ही करणार नाहीं. त्या तेथल्या गांवांतील बायकांकडून रास्त दामानें विकत घेणार आहों. हा निर्णयहि मुलांचाच आहे, आणि तो मला विशेष आवडला.

कारण तें रान ओसाड नाहीं. महादेव कोळी आणि ठाकर लोक तेथें पिढ्यान् पिढ्या भात, नाचणी आणि वरई पिकवीत आले आहेत. याच अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं, शाळेंत न जातां, गांवरान बियाण्यांचा ठेवा जमवून राखिला, आणि त्याबद्दल इ. स. २०२० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलखांत जाऊन रात्रभर कर्णे वाजवावे, रिकाम्या बाटल्या बांधावर फेकाव्या आणि सकाळीं निघून जावें, हें पाहुण्याचें लक्षण नव्हे. ज्यांच्या अंगणांत आपण राहुटी ठोकतों, त्यांना आधीं विचारावें, त्यांची भाकरी खावी, तिचे दाम द्यावे आणि त्यांच्यापाशीं कांहीं शिकून यावें. गवताचा रंग वाचणारा माझा तो जुना विद्यार्थी मला येथेंच आठवतो. ज्ञान पुष्कळांपाशीं असतें. परंतु विचारल्यावांचून तें बाहेर पडत नाहीं.

परवानगीच्या गटानें वन्यजीव संरक्षणाचा इ. स. १९७२ चा कायदा वाचून काढला. अभयारण्यांत शिरण्यास परवाना लागतो, शस्त्र नेतां येत नाहीं, रानाला धोका पोंचेल असा विस्तव पेटवितां येत नाहीं, श्वापदांना छेडणें व केर टाकणें यांस मनाई आहे, हें त्यांनीं वर्गाला सांगितलें. लागलीच शेकोटीचा प्रश्न आला. शेकोटीवांचून रानवस्ती कसली, असें पुष्कळांना वाटलें. शेवटीं ठरलें तें असें : स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर, रानांतील एकहि काटकी तोडावयाची नाहीं, आणि रात्रीं शेकोटीऐवजीं कंदील मध्यें ठेवून भोंवतीं बसावयाचें. कायदा नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत असतो तोंवर तो परीक्षेपुरता असतो. आपल्या शेकोटीवर येऊन बसतो तेव्हांच तो समजतो. केराच्या गटाचा नियम तर एका वाक्याचा आहे : जितकीं वेष्टनें मोजून न्यावयाचीं, तितकीं मोजून परत आणावयाचीं.

आतां पालकांच्या शंका. त्या मला ठाऊक आहेत, कारण मीहि एक पालक आहें.

पहिली शंका धोक्याची. धोका नाहीं असें मी म्हणणार नाहीं. म्हणूनच त्याची मोजदाद हवी. जागा उंचवट्यावर, गांवाजवळ, पक्क्या इमारतीच्या आणि शौचकूपांच्या लगत निवडावयाची आहे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर सर्वांनीं राहुट्या सोडून त्या इमारतींत जावयाचें. एकट्या झाडाखालीं उभें राहावयाचें नाहीं. जलाशयांत कोणीं उतरावयाचें नाहीं, आणि सांदणच्या दरीसारख्या अरुंद घळींत तर पावसाची शंका असतां पाऊलहि टाकावयाचें नाहीं. अंधार पडल्यावर एकट्यानें राहुटीबाहेर जावयाचें नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांपैकीं कशाचाहि दंश झाला, तर जखम कापणें, चोखणें, करकचून बांधणें हे उपाय घातक आहेत. दंश झालेला अवयव हलूं न देतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत नेणें हाच उपाय होय. त्याकरितां जवळचें सरकारी रुग्णालय कोणतें, विषावरील लस तेथें शिल्लक आहे काय, वाहन रात्रीं तयार असेल काय, हें आधीं चौकशी करून लिहून ठेवण्याचें काम एका गटाकडे व एका शिक्षकाकडे दिलें आहे. ज्या मुलास दमा, अपस्मार किंवा दुसरा कांहीं विकार असेल, त्याच्या पालकांनीं तें आम्हांस गुप्तपणें पण निश्चित कळवावें. मुलांनीं बेत केला म्हणजे वडील माणसांनीं डोळे मिटले, असा अर्थ कृपा करून घेऊं नये. प्रत्येक गटाचा कागद आम्ही तपासतों आणि शेवटची जबाबदारी आमचीच आहे.

दुसरी शंका मुलींविषयीं. आजवर पुष्कळ सहलींत मुली फक्त एका कारणामुळें मागें राहिल्या : त्यांच्या सोयीचा विचार कोणींच आधीं केला नाहीं, आणि मग गैरसोय होईल म्हणून त्यांना नेलें नाहीं. यंदा राहण्याची जागा पसंत करण्याचा अखेरचा अधिकार आम्हीं मुलींच्या गटाला आणि दोन शिक्षिकांना दिला आहे. त्यांना जी जागा योग्य वाटणार नाहीं, ती सर्वांनाच अयोग्य. त्यांनीं पहिली सुचविलेली जागा नाकारली, कारण शौचकूपांस आंतून कडी नव्हती. आम्हां पुरुष शिक्षकांपैकीं एकाच्याहि ध्यानांत ती कडी आली नव्हती.

तिसरी शंका अभ्यासाची. तिचें उत्तर पाण्याच्या आणि तांदळाच्या हिशेबांत आलेंच आहे. चौथी शंका खर्चाची; आणि ती सर्वांत नाजूक आहे, कारण ती कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. त्या पालकांस माझें हात जोडून सांगणें आहे कीं, या रानवस्तीसाठीं बाजारांतून एकहि वस्तु विकत आणूं नये. घरांत असेल तें पाठवावें. नसेल तें पाठवूं नये. वर्गणीहि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें बंद पाकिटांतून घेतली जाईल, आणि पाकिटांवर नांवें नसतील. जमा कमी पडली तर आम्ही एक जेवण साधें करूं, परंतु एकहि मूल मागें ठेवणार नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाहि एक गोष्ट सांगतों. बेत तुम्ही करणार, म्हणजे चुकाहि तुमच्याच होणार. भात कदाचित् करपेल. एखादी राहुटी वाऱ्यानें पडेल. कोणीतरी मीठ विसरेल. त्यांत लाज नाहीं. मीं मोठा माणूस असून सखल जागेंत राहुट्या ठोकल्या होत्या. परंतु निघण्याच्या आदल्या दिवशीं तुमच्यांतील कोणी तोंड खालीं घालून म्हणाला कीं, "मला बरें नाहीं," तर त्याच्या कपाळाला हात लावून पाहा. ताप असेल तर त्याला निजवा. नसेल, तर त्याला कांहीं एक न विचारतां त्या पांघरुणांच्या खोलींत घेऊन जा, आणि ढिगांतील पहिलें पांघरूण त्याच्या हातीं द्या.

— एक शिक्षक